आतून नवं केलेलं हेल्मेट

शालनताईंना लहानपणापासून एक खोड होती. हाती आलेली वस्तू उसवून बघायची. वाशीमला त्यांचे वडील शाळेचे गणवेश शिवत. सात वर्षांच्या शालननं एकदा पाहुण्यांची छत्री उसवली, ती मिटते कशी ते बघायला. पाठीत धपाटा बसल्यावर तिनं डोळे पुसत विचारलं, "पण मग ही बारकी स्प्रिंग कशाला असते?"

लग्न होऊन त्या पुण्यात आल्या. नवरा संजय पिंपरीच्या कारखान्यात होता, बिऱ्हाड मंगळवार पेठेत. हात स्वस्थ बसेनात, म्हणून त्यांनी कसबा पेठेतल्या एका बोळात जेमतेम एक मशीन मावेल एवढा गाळा घेतला आणि दुचाकीची सीट कव्हरं शिवायला लागल्या. शेजारचा कुलूपवाला म्हणाला, "वहिनी, ब्लाउज शिवा की. बायका तेच शिवतात." शालनताई म्हणाल्या, "ब्लाउजवर माणूस बसत नाही. सीटवर बसतो. ते काम जास्त जोखमीचं." याला बावीस वर्षं झाली. सीट कव्हराबरोबर पुढे बॅगांच्या चेन आल्या, आणि घामानं कुजलेली हेल्मेटची अस्तरं बदलून द्यायचं कामही आलं. जुना स्पंज खरवडून काढायचा, नवा घालायचा, वर जाळीचं कापड, कडेला मरून रंगाचा गोट. माणूस हेल्मेट हुंगून बघायचा आणि खूश होऊन जायचा.

गेल्या वर्षी मार्चमध्ये चैताली नावाची एक मुलगी गाळ्यासमोर उभी राहिली. तिशीची असेल, कुठल्यातरी आयटी कंपनीत होती, सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलवर लांब लांब हिंडायची. तिच्या हातात एक जाडजूड काळं जॅकेट होतं आणि त्याच्या उजव्या बाहीचं कोपर किसणीवर घासल्यासारखं झालं होतं.

"ताई, हे रिपेअर होईल का?"

शालनताईंनी जॅकेट उलटंपालटं केलं. ते ना चामडं होतं, ना रेक्झिन. शिवणीला एकीला लागून एक अशा तीन टिपा. "कुठे आपटलात?"

"कात्रजच्या जुन्या घाटात. वळणावर बारीक खडी पडली होती. गाडी एकीकडे गेली, मी दुसरीकडे."

"आणि हात?"

चैतालीनं बाही वर केली. कोपरावर नाणंभर निळसर डाग होता, बाकी काही नाही. शालनताईंनी त्या कोपराकडे पाहिलं, मग जॅकेटच्या कोपराकडे, मग परत चैतालीच्या कोपराकडे.

"उसवू का?" त्यांनी विचारलं. त्यांचे डोळे चमकत होते.

अस्तराच्या आतून तळहाताएवढा एक मऊ लिबलिबीत तुकडा निघाला. दाबला तर कणकेसारखा दबत होता. "हे असलं मऊ काय वाचवणार?" म्हणत शालनताईंनी तो स्वतःच्या कोपरावर ठेवला आणि चैताली "अहो ताई" म्हणेपर्यंत शेजारची लाकडी हातोडी उचलून त्यावर हाणली. ठक्क असा आवाज आला. कोपर जागच्या जागी होतं. त्यांनी तुकडा पुन्हा दाबला. तो परत कणीक.

"मारल्यावर कडक होतं आणि सोडलं की मऊ," त्या पुटपुटल्या. "म्हणजे याला कळतं!"

"कळत नाही ओ, मटेरियलच तसं असतं."

"तेच म्हणते मी. जॅकेट रविवारनंतर न्या."

रविवारी सकाळी शालनताईंनी संजयरावांना उठवलं आणि गाडीवर मागे बसून खडकवासल्याच्या बाजूला नेलं. तिथे प्लॉट पाडून ठेवलेल्या जागेत एक नवाकोरा डांबरी रस्ता होता, रहदारी नसलेला. त्यांनी बरोबर वाळूचं एक लहान पोतं, दोरी आणि कापडांचं गाठोडं आणलं होतं. पोत्याला एकेक कापड गुंडाळायचं, पोतं गाडीला मागे बांधायचं, संजयरावांनी सावकाश गाडी चालवायची आणि कापड फाटून पोतं दिसलं की शालनताईंनी ओरडायचं. मग पावलं मोजायची.

"आपण नक्की काय करतोय?" संजयरावांनी विचारलं.

"कापड किती टिकतं ते बघतोय."

"दुकानदाराला विचारलं असतं तर?"

"दुकानदार कधी पडलाय?"

फिरायला आलेले एक आजोबा बराच वेळ थांबून बघत होते. शेवटी म्हणाले, "पोत्याला फिरवायला आणलंय वाटतं?"

"हो," संजयराव म्हणाले, "घरी बसून कंटाळलं होतं."

सुती सदरा तीन पावलांत गेला. जीन्स बारा पावलं टिकली. रेक्झिन तर विरघळून पोत्याला चिकटलं. चैतालीच्या जॅकेटमधून कापून काढलेला जुना तुकडा मात्र पन्नास पावलं झाली तरी नुसता खरखरीत होत होता. संजयरावांनी गाडी थांबवली. त्यांनी विरघळलेल्या रेक्झिनला बोट लावून पाहिलं, फाटक्या सदऱ्याची चिंधी उचलली. तो सदरा त्यांचाच होता. तसलाच दुसरा घालून, अर्ध्या बाह्यांत, ते पंचवीस वर्षं पिंपरीला जात येत होते.

"तीन पावलं?" त्यांनी विचारलं.

"तीन. तेही वीसच्या स्पीडला."

परतताना त्यांनी गाडी डावीकडून, बेतानं चालवली.

चैताली जॅकेट न्यायला आली तेव्हा तिच्या हाताला हेल्मेट लटकत होतं. घाटात पडली तेव्हाचंच. "हे आता टाकून देणार," ती सहज म्हणाली.

"का? वरून तर धड आहे. ठेवून जा, आतून नवं करून देते."

"नको हो. एकदा आपटलं की संपलं ते."

"संपलं म्हणजे?"

चैतालीला नीट सांगता येईना. "आतलं थर्माकोल मार घेतं ना. मग परत घेऊ शकत नाही."

ती हेल्मेट तिथेच टाकून गेल्यावर शालनताईंनी ते मांडीवर घेतलं. स्पंज काढला. आतल्या थर्माकोलवर कानामागच्या जागी अंगठा फिरवला, आणि अंगठा खड्ड्यात गेला. तेवढी जागा चेपून पातळ झाली होती. तिथून एक केसासारखी रेघ वर टाळूपर्यंत गेली होती. त्यांनी कुलूपवाल्याचं नवं हेल्मेट मागून आणलं, त्याचं आतलं अंग चाचपलं. सगळीकडे सारखी जाडी. म्हणजे डोक्याची हाडं चेपण्याऐवजी यानं स्वतःला चेपून घेतलं होतं. आणि एकदा चेपलेलं थर्माकोल काही फुगून परत वर येत नव्हतं.

किती साधी गोष्ट! शालनताईंना आधी गंमतच वाटली. मग हात थांबला.

अशी रेघ त्यांनी आधी पाहिली होती. एकदा नाही, कितीतरी वेळा. रेघ दिसली की त्या सोल्युशन लावून ती चिकटवायच्या, वर नवा स्पंज घालायच्या. गिऱ्हाईक आतून नवं झालेलं हेल्मेट घालून निघून जायचं. दोनच महिन्यांपूर्वी उत्तरेश्वर आला होता, कात्रजच्या पलीकडून मोटरसायकलवर दुधाच्या किटल्या घेऊन पेठांत येणारा. त्याच्या हेल्मेटला तर मागे बोट शिरेल एवढी भेग होती. ती त्यांनी मन लावून भरली होती.

त्या रात्री जेवताना शालनताई म्हणाल्या, "मी इतकी वर्षं सगळं उसवून बघते. हे तेवढं कसं बघितलं नाही?"

संजयराव म्हणाले, "शिवणीकडे लक्ष होतं तुझं."

ते हेल्मेट वापरू नकोस सांगायला उत्तरेश्वरला फोन केला तर तो हसला. "ताई, उलट लई झ्याक बसलंय. काय बी अडचण न्हाय." तेव्हा पुढच्या रविवारी दोघं त्याच्या वस्तीवर गेले. अंगणात त्याची आई यमुनाबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. चहा झाला. शालनताईंनी खुंटीवरचं हेल्मेट मागून घेतलं आणि कातर काढली.

"आवं, आत्ताच तर केलंय त्ये!" उत्तरेश्वर म्हणाला.

"मीच केलंय. म्हणून मीच उसवते."

मरून गोट सुटला, जाळी निघाली, स्पंज निघाला. शालनताईंनी थर्माकोलच्या दोन्ही कडा धरून जरा ताण दिला. सोल्युशनचा जोड चिरकला आणि मागचा तुकडा सुटून थेट यमुनाबाईच्या शेंगांच्या टोपल्यात पडला.

म्हातारीनं तो उचलला. त्याची चेपलेली बाजू बोटांनी चाचपली. "ह्ये असं कशानं व्हतं?"

"डोकं जोरात आपटल्यानं."

"पर ह्यो तर म्हणला, टोपी खुंटीवरनं पडली."

शालनताईंनी उत्तरेश्वरकडे पाहिलं. त्यांनाही त्यानं "वास मारतंय, स्पंज बदला" एवढंच सांगितलं होतं. खुंटीवरून पडून असं होईल का, असा प्रश्न त्यांच्या जिभेवर आला होता, पण त्यांनी तो गिळला. विचारायचा हक्क म्हातारीचा होता.

"उत्तरेश्वर," यमुनाबाई म्हणाली. "कवा पडलास?"

"दिवाळीच्या आधी." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "बोगद्याच्या अलीकडं कुत्रं आडवं आलं. पहाटंची येळ. ब्रेक दाबला तर मागची किटली सरकली आन गाडी फिरली. दुभाजकाला आपटलो. मंग... मंग ठावं न्हाय मला. उठलो तवा एक टेम्पोवाला तोंडावर पाणी मारत व्हता. त्यो म्हणला, धा मिनिटं पडलायस. मी दूध घालून घरी आलो."

"दूध घालून आलास?"

"तू घाबरशील म्हणून बोललो न्हाय."

यमुनाबाईनं तो पांढरा तुकडा तळहातावर धरला आणि मुलाच्या डोक्यामागे नेऊन लावला. चेपलेला भाग बरोबर कुठे बसतो ते ती बघत होती. मग तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला, अगदी हळू, जणू भेग तिथे असावी. आणि पदर तोंडाला लावून ती रडली. उत्तरेश्वर चाळिशीचा बाप्या, तो नुसता उभा राहिला.

जरा वेळानं ती सावरली आणि शालनताईंना म्हणाली, "बाई, ह्यानं एकडाव त्याचं काम क्येलं. आता ह्येला परत काम सांगू नगा."

दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वर नवं हेल्मेट घेऊनच पेठेत आला, डॉक्टरकडे डोकं दाखवून आल्याचा कागदही त्यानं शालनताईंपुढे धरला. आईनं दाखवायला सांगितला होता म्हणे. त्या दिवसापासून गळ्याचा पट्टा खटकन लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय ती किटल्या उचलू देत नव्हती.

शालनताईंनी गाळ्यावर पाटी लावली: 'आपटलेल्या हेल्मेटला अस्तर घालून मिळणार नाही. कारण विचारल्यास सांगितले जाईल.' बहुतेक लोक विचारतात. मग त्या उत्तरेश्वरकडून मागून घेतलेला तो तुकडा काढतात आणि समोरच्याचा अंगठा धरून खड्ड्यावर फिरवतात. काही जण वैतागून पुढच्या दुकानात जातात. चैतालीच्या ओळखीनं जॅकेटं दुरुस्तीला यायला लागली आहेत, आणि प्रत्येकाला शालनताई पहिला प्रश्न विचारतात, "कुठे आपटलात?" आता त्यांना पक्कं ठाऊक आहे की माणूस आधी तळहात टेकतो, मग कोपर, मग कंबर. संजयराव हातमोजे घालतात. पूर्ण बाह्यांचं जाड जॅकेटही घालतात. उन्हाळ्यात कुरकुरतात, पण घालतात.

राहता राहिली ती जुनी हेल्मेटं. भेग भरलेली किती असतील याचा शालनताईंनी डोकं खाजवून अंदाज केला. वीसेक तरी. पैकी नऊ माणसं सापडली. बाकीच्यांची नावंसुद्धा आठवत नव्हती.

परवा लाल सिग्नलला संजयरावांच्या मागे बसल्या असताना त्यांना पुढच्या गाडीवर एक करडं हेल्मेट दिसलं. मानेशी मरून गोट, कोपऱ्यात दुहेरी टीप. टीप त्यांचीच.

"अहो, त्याच्या मागे घ्या."

"कुणाच्या?"

"करड्या हेल्मेटच्या. हिरवा लागला, चला!"

दोन चौक पुढे तो माणूस चहाच्या टपरीशी थांबला. एक बाई लगबगीनं आपल्याकडे येताना पाहून तो जरा दचकलाच.

"भाऊ, एक विचारू? हे हेल्मेट कधी आपटलं होतं का?"

त्यानं ते डोक्यावरून काढलं, बाईंकडे पाहिलं, हेल्मेटकडे पाहिलं. "आपटलं होतं. दोन वर्षं झाली. पण तुम्हाला कसं कळलं?"

"बसा," शालनताई म्हणाल्या आणि पर्समधून कातर काढली. "दाखवते."