चौकटीत न मावलेला फोटो

आई गेल्यापासून मोठी दर रविवारी बाबांना फोन करायची. जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, ठरलेले प्रश्न. बाबांची उत्तरंही ठरलेली.

मोठी प्रोग्रामर. बाबांच्या पंचाहत्तरीसाठी तिने घरच्यांपुरतं एक छोटं वेबअ‍ॅप करायला घेतलं. एका पानावर सगळे फोटो, प्रत्येकाचं वेगळं कार्ड. धाकट्या बहिणीने मोबाइलमधले तीनशे फोटो न बघताच पाठवून दिले. "तूच निवड गं, मला वेळ नाही."

आधी मोठीने सगळी कार्डं एकाच मापाची केली. दिसायला नीटनेटकी, पण उभ्या फोटोंतली डोकी उडत होती. आत्या तर दोन ठिकाणी हनुवटीपासून खालीच. मग तिने पानाचे चार रकाने पाडले, प्रत्येक कार्डाला त्याच्या फोटोइतकी उंची दिली आणि जो रकाना सगळ्यात आखूड, त्यात पुढचं कार्ड टाकायचं असा कोड लिहिला. दोन दिवस कार्डं एकमेकांच्या अंगावर चढत होती, कारण फोटो उघडायच्या आतच त्यांची उंची मोजली जात होती. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळी जागच्या जागी बसली.

ती खूश होऊन वरून खाली बघत गेली. एका कार्डावर आतापर्यंत नुसता सही करणारा हात दिसायचा. पेन्शनचं काहीतरी असेल, असं तिला वाटलं होतं. आता फोटो पूर्ण होता. भिंतीवर विवाह नोंदणीची पाटी. सही करणारे बाबा, शेजारी समोरच्या घरातल्या काकू, आणि मागे हसत उभी धाकटी.

तिने बहिणीला फोन लावला.

"बाबांनी लग्न केलं?"

"सात महिने झाले. बाबाच म्हणाले, तिला इतक्यात सांगू नको."

"आणि तू ऐकलंस."

"तू घर डोक्यावर घेतलं असतंस, ताई."

"घेतलं असतं. चार दिवस. मग मीही आले असते सही करायला."

फोन ठेवल्यावर तिला आठवलं, गेल्याच रविवारी आपण म्हणालो होतो, "एकटे जेवता, निदान टीव्ही तरी लावत जा." बाबा "बरं" म्हणाले होते. तेव्हा काकू शेजारीच बसलेल्या असणार. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्याचाच जास्त राग आला.

पंचाहत्तरीला ती गेली. काकूंशी नीट बोलली. त्यांच्याशी तिचं काही वाकडं नव्हतं. बाबा एकेक कार्ड बघत त्या फोटोपाशी थांबले.

"हा काढून टाकला नाहीस?"

"तुमचाच आहे. मी कशाला काढू?"

बाबांशी पुढे हळूहळू जुळलं. धाकटीशी मात्र कामापुरतंच बोलणं उरलं. "मी काय चोरी केली होती का?" असं ती अजून विचारते. मोठी विषय बदलते.