बोट माझं, कंबर तिची

धाकट्या जावेबरोबर प्रवासाला जाऊ नये, त्यातही ती मृणालसारखी असेल तर मुळीच नाही. चाळिशी उलटली तरी बांधा कॉलेजातल्या पोरीचा! मानसशास्त्र शिकलीय, स्वतःच्या अंगाला नावं ठेवणाऱ्या मुलींना समजावते. पण आमच्या देव्हाऱ्यातल्या लाकडी देवीला वाळवी लागली आणि नवी घडवायला सांगायला दोघींनाच जावं लागलं, देवरूखजवळच्या एका सुतारकाकांकडे.

कोल्हापूरहून सहाला निघालो. आंबा घाटात धुकं असतं, घाई करू नका. साखरप्याला चहा-भजी घ्याच, साठ रुपयांत पोट भरतं. माझं भरलं. मृणालने भज्यांचा फोटो काढला. टपरीवाल्याने मला विचारलं, "मुलगी काय तुमची?" आता बोला!

काकांच्या पडवीत फणसाच्या लाकडाचा ओंडका तयारच होता. "शास्त्रात पट्टी नाय चालत," ते म्हणाले. "घरच्या माणसाच्या मधल्या बोटाचं मधलं पेर म्हणजे एक अंगुळ. बारा अंगुळं उंची, त्यातला नववा भाग चेहरा. बोट द्या बघू."

बघत होते मृणालकडे. तिची बोटं लांबसडक, माझी भेंडीसारखी. मी हात मध्येच घुसवला.

"वयनी, मूर्ती बुटकी व्हायची."

"होऊ दे!"

त्यांनी दोऱ्याने माझं पेर मोजलं. एकदा तरी माप माझं लागलं, या आनंदात मी देवरूखच्या खानावळीत दोन सोलकढ्या प्यायले. मृणालने अर्धी भाकरी चिवडून तशीच ठेवली. "वहिनी, मुलींना सांगते, आरशात शरीर नाही, डोक्यातलं चित्र दिसतं. आणि मी स्वतः घास मोजते. तुमच्यासारखं जेवता आलं पाहिजे हो."

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, बरं वाटलं. आणि तिची अर्धी भाकरी मीच संपवली.

महिन्याने काकांनी फोटो पाठवला. मूर्ती बुटकीच, पण काय सुरेख! नवरा डोकावला. "अगं, ही तर मृणालच!"

नीट पाहिलं. मुठीत मावेल अशी कंबर! तडक काकांना फोन लावला. "बोट माझं घेतलंत ना? मग ही कंबर कुणाची?"

"शास्त्रातली, वयनी. देवीची कंबर डमरूसारखी. बोट कुणाचंबी असो."

"जरा वाढवता येईल?"

"तासलेलं लाकूड परत चिकटतं काय?"

देवी आता देव्हाऱ्यात आहे. रोज मनापासून पूजा करते. हार मात्र असा घालते की कंबर दिसू नये.