बाटलीत दोष नव्हता
मंद्रूपचा गुरुशांत आमच्या अणुवीज केंद्रात वाफेच्या पाण्याचे नमुने आणायचा. मी तिथला केमिस्ट, सोलापूरचाच. समुद्राकाठच्या त्या परक्या मुलखात शेंगाचटणीची पुडी एकमेकांना देणारे आम्ही दोघंच. माणूस भलता टापटिपीचा. नमुन्याची बाटली त्याच नळाच्या पाण्याने तीनदा विसळल्याशिवाय भरायचा नाही. मी घाई केली की म्हणायचा, "थांबा की साहेब, पानी कुटं पळून चाललंय?"

एका उन्हाळ्यात त्या पाण्यात आम्लाचा अंश दिसू लागला. अशाने पाइप आतून झिजतात, त्यामुळे वरपर्यंत बोंब झाली. कारण मला सापडेना, आणि दोन पदव्यांच्या माणसाची जीभ 'ठाऊक नाही' म्हणायला रेटेना. भर मीटिंगमध्ये मी म्हणालो, "नमुने घेणाऱ्याचा हात घाणेरडा आहे." गुरुशांत दाराशीच उभा होता. त्याला बागकामावर टाकलं. वर्षभरात तो नोकरी सोडून गावी गेला.

आम्ल मात्र गेलं नाही. दुसऱ्याने आणलेल्या नमुन्यांतही ते निघालं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलं होतं.

पुढे तपासणीचा अहवाल आला. पाइप गंजू नयेत म्हणून पाण्यात घालतो ते औषधच उष्णतेने तुटत होतं आणि त्यातून व्हिनेगरमधलं आम्ल तयार होत होतं. औषधाचं प्रमाण ठरवणारा मीच. अहवाल कपाटात ठेवला आणि निवृत्तीची वाट बघत बसलो. असला मी.

यंदा निवृत्त होऊन सोलापूरला परतलो. मंद्रूप तासाभरावर, पण जायला चार महिने लावले. गुरुशांतने अंगणात खाट टाकली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मी मान वर न करता सगळं ओकून टाकलं. "तुझा हात स्वच्छ होता. मी खोटं बोललो."

बायकोने आणलेला चहा त्याने माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "कागद कवा आला म्हनायचा?"

"तीन वर्षं झाली."

"आमचे आबा मागच्या दिवाळीला गेले." त्याचा आवाज चढला नाही. "त्यास्नी लई सांगितलं, माजी काय बी चूक न्हाय. शेवटपतुर पटलं न्हाय. म्हनायचे, सायेब शिकल्याला, त्यात आपल्याकडचा मानूस. त्यो कशापायी खोटं बोलंल?"