अकरा नंबरचा पास

माझ्या मामांइतका प्रामाणिक माणूस वाशीम जिल्ह्यात दुसरा नसावा, आणि त्यांच्याइतक्या प्रामाणिकपणाचा त्रास इतर कुठल्या जिल्ह्याला झाला असेल असेही वाटत नाही. मंगरूळपीरहून सुटणाऱ्या लाल गाडीवर त्यांनी तीस वर्षांहून जास्त काळ कंडक्टर म्हणून काढला. या काळात त्यांनी लग्नाला निघालेले नवरदेव उतरवले, दर्ग्याला निघालेल्या ओळखीच्या म्हाताऱ्यांना उभे राहून पास दाखवायला लावला. एकदा माझे वडील घाईत आपल्या थोरल्या भावाच्या पासवर बसले. पासावरच्या फोटोला मिशी होती, वडिलांना नव्हती. मामांनी फोटो पाहिला, वडिलांचा ओठ पाहिला आणि गाडी थांबवली. "जवाईबापू, मिशी उगवली का मंग या. आता उतरा." ठिकाण किन्हीराजाचा फाटा. वडील सासुरवाडीलाच निघाले होते. मागून आलेल्या ट्रॅक्टरवर बसून ते मामांच्या घरी पोहोचले. संध्याकाळी ड्यूटी संपवून आलेल्या मामांनी त्यांना पाट मांडून जेवायला वाढले आणि फाट्याचा विषय काढला नाही. वडिलांनी मात्र तो आजवर सोडलेला नाही.

निवृत्तीनंतर मामांनी एक गाय आणली. तिच्यापासून वाढत वाढत आसेगावजवळच्या शेतात आज मोठा गोठा उभा आहे. तो मामांची सून चालवते. तिने दुग्धव्यवसायाचे शिक्षण घेतले आहे, ती कमी बोलते आणि मोबाइलवर जास्त पाहते. गेल्या वर्षी तिने वासरांना दूध पाजणारे यंत्र बसवले. चौदा वासरे एका मोठ्या कप्प्यात मोकळी असतात. प्रत्येकाच्या गळ्यात नंबरचा पट्टा, पट्ट्यात एक चिप. कोपऱ्यात एक अरुंद खण आहे, त्यात एका वेळी एकच वासरू मावते. वासरू आत शिरले की यंत्र चिप वाचते, त्या नंबरच्या वाट्याचे कोमट दूध रबरी बोंडातून सोडते आणि वाटा संपला की बंद होते. कोण किती वाजता आले, किती प्यायले, हे सुनेच्या मोबाइलवर दिसते.

यंत्र आले तेव्हा घरातल्या सगळ्यांना वाटले, मामा विरोध करतील. मामा यंत्रासमोर अर्धा तास उभे राहिले. तेवढ्यात पाच नंबरचे वासरू आपला वाटा पिऊन पुन्हा खणात शिरले. यंत्राने पट्टा वाचला आणि थेंबही सोडला नाही. मामांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले ते त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहायला मिळाले नव्हते. "ओळखीपाळखीचं काही चालत नाही इथं," ते सुनेला म्हणाले. "माणूस खोटं बोलते वो, मशीन नाही."

त्या दिवसापासून कप्प्याची बस झाली. निरोपाच्या वेळी सहकाऱ्यांनी मामांना मोडीत निघालेला तिकिटाचा पंच भेट दिला होता. तो हातात घेऊन ते खणापाशी उभे राहू लागले. एक वासरू आत गेले की पंच दोनदा लोखंडी नळीवर आपटायचा, कट-कट, आणि पुढच्याला हाक द्यायची. वासरे पिऊन झाल्यावर एकमेकांचे कान चोखतात. ही त्यांची खोड आहे. मामांनी पत्र्यावर रंगाने लिहिले: "सहप्रवाशांना त्रास देऊ नये." वासरांना नाव द्यायला त्यांची सक्त मनाई होती. नाव ठेवले की माया लागते, माया लागली की तिकीट माफ होते, असे त्यांचे म्हणणे. मोठ्या झालेल्या वासराचे दूध यंत्र रोज थोडे थोडे कमी करत बंद करते. असे वासरू रिकामे बोंड चोखत उभे राहिले की मामा त्याला समजावत, "शेवटचा स्टॉप आला बापू, गाडी इथून पुढं जात नाही." दुसरी पाटी होती: "बाटली बंद." बाटलीने पाजलेले वासरू माणसाची वाट पाहत बसते, यंत्राकडे जात नाही, असे सून एकदा बोलता बोलता म्हणाली होती. मामांनी त्याचा कायदा केला. शेजारची एक काकू लाडाने बाटली घेऊन आली, तिला त्यांनी फाटकाबाहेर काढले. ती तेव्हापासून या घरी हळदीकुंकवाला येत नाही.

मग ती पहिली गाय गेली. वय झाले होते, वेत अवघड गेले, आणि दुसऱ्या दिवशी तिने मान टाकली. मागे राहिली एक किडकिडीत कालवड. तिला अकरा नंबरचा पट्टा मिळाला. सुरुवातीचे दिवस तिला बाटलीनेच पाजावे लागले, आणि व्हायचे तेच झाले. मोठ्या कप्प्यात सोडल्यावर ती भिंतीला चिकटून उभी राही. खणाकडे गेलीच तर सात नंबरचा दांडगा गोऱ्हा तिला ढुशी मारून बाहेर काढी. सुनेने मामांना बोलावून सांगितले, "बाबा, आठ दिवस पाहू. सोताहून मशीनवर आली तर राहील. नाही आली तर माह्या बहिणीकडं, किन्हीराजाले. तिच्या घरी एकच गाय हाय, ते बाटलीनं जगवतील हिले. इथं उपाशी मरन." मामांनी मान हलवली. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले आणि कुणाकडे न पाहता गोठ्याबाहेर गेले.

यंत्रावर एक बातमी करावी म्हणून मी नेमका त्याच आठवड्यात तिथे होतो. सुनेने माझ्या मोबाइलवरही ती नोंद सुरू करून दिली होती. दुसऱ्याच दिवसापासून अकरा नंबरची प्रगती नजरेत भरण्यासारखी होती. दिवसातून तीनदा यंत्रावर हजर, वाटा पूर्ण फस्त. मामा जेवताना मला तो आकडा मोठ्याने वाचायला लावत. "पाह्य, मशीननं सांगितलं. मी नाही सांगत."

पाचव्या दिवशी दुपारी सून गवत कापायला गेली होती. मी कप्प्याबाहेर सावलीत बसलो होतो. मोबाइलने कळवले, अकरा नंबर दूध पीत आहे. फोटो काढावा म्हणून मी उठलो. खणात सात नंबरचा गोऱ्हा होता. तोंडाला फेस, गळ्यात अकरा नंबरचा पट्टा. मागच्या ढेप-पेंडीच्या खोलीतून ओळखीचा आवाज आला. कट-कट. आत पोत्यांच्या आडोशाला मामा मांडी घालून बसले होते. त्यांच्या गुडघ्यावर मान टेकून एक किडकिडीत कालवड बाटली पीत होती. तिच्या गळ्यात सात नंबरचा पट्टा होता.

"मामा, ही अकरा नंबर ना?"

"मंग?"

"मोबाइल म्हणतो, अकरा नंबर यंत्रावर आहे."

"मोबाइलले काय समजते."

"तुम्हीच म्हणाला होता, मशीन खोटं बोलत नाही."

मामांनी बाटली जराशी तिरपी केली, तिच्या तोंडात हवा जाऊ नये म्हणून. "मशीन खोटं नाही बोलून राह्यलं," ते सावकाश म्हणाले. "त्याले खोटं सांगितलं हाय."

"म्हणजे दुसऱ्याच्या पासवर प्रवास."

मग तीस वर्षांहून जास्त काळ कुणालाही न सोडलेल्या त्या माणसाने खालच्या आवाजात मला एक विनंती केली. "बापू, तुह्या बापाले सांगू नको."

मी सांगितले नाही. पण आपल्या पट्ट्यावर आपला वाटा आणि अकराच्या पट्ट्यावर तिचा, असे दुप्पट दूध पिणाऱ्या सात नंबरने सांगितले. सहाव्या दिवशी त्याला जबर हगवण लागली. मामांनी आधी नजर लागल्याचे कारण दिले, मग हवामानाचे, मग माझ्या कॅमेऱ्याचे. सुनेने गोऱ्ह्याला मीठसाखरेचे पाणी पाजले, हात धुतले आणि चहाचा कप मामांपुढे ठेवला.

"बाबा, मशीन पिण्याचा वेगबी सांगते. अकरा नंबर सातसारखी घटाघट पिईन का? पहिल्याच खेपेला दिसलं मले."

मामांचा कप बशीतच राहिला. "मंग बोलली काहून नाही?"

"तुमचा पंच वाजला का ती उठून उभी राह्यते. गोठ्यात दुसऱ्या कोणत्याच आवाजाले उठत नाही. मले ते पाह्यचं होतं. पण आता सातचं पोट गेलं, आता बंद. परवा आठवा दिवस. उद्यापासून ज्याचा पट्टा त्याले. बाटली नाही. तुमी मशीनच्या मांगं उभे राहा अन् पंच वाजवा."

"अन् नाही आली तं?"

"तं किन्हीराजा."

सातव्या दिवशी ती आली नाही. मामांनी तासभर पंच वाजवला. तिने कान टवकारले, दोन पावले टाकली आणि पुन्हा भिंत धरली. रात्री मामा जेवले नाहीत. आठव्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या खाकी शर्टात यंत्रामागे उभे राहिले. कट-कट. कालवड उठली. कट-कट. ती खणाच्या चुकीच्या बाजूला गेली आणि गजांतून मामांच्या शर्टाचा वास घेऊ लागली. मामांनी हात मागे घेतले. तिच्या वाटेत सात नंबर येऊन उभा राहिला होता. "ओ सात, पुढं सरका. लेडीज हाय," मामा ओरडले. सात सरकला, बहुधा पोट अजून दुखत असावे. ती वळसा घालून आत शिरली, बोंड हुंगले, सोडले, पुन्हा धरले. सुनेच्या आणि माझ्या मोबाइलवर एकाच वेळी अक्षरे उमटली: अकरा नंबर, पीत आहे. वेग अतिशय कमी.

"तिचाच वेग हाय हा," सून म्हणाली.

मामांनी खांद्यावरचा गमछा डोळ्यांना लावला आणि ढेपीच्या धुळीला दोष दिला.

महिनाभराने मी पुन्हा गेलो. अकरा नंबर अंगाने भरली आहे, आणि सात नंबरला आता तीच ढुशी मारते. दुपारी तिच्या वेळेला मामा यंत्रामागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी पंच वाजवला. ती आधीच खणात होती. तिने कानही हलवला नाही. वाटा संपवला, तोंड चाटले आणि शेपटी उडवत बाकीच्यांत निघून गेली.

"उतरली पाह्य कशी," मामा म्हणाले. "मांगं वळूनबी पाह्यलं नाही."

हे त्यांनी अभिमानाने सांगितले. मग ते पंच शर्टाच्या खिशात ठेवायला गेले, तर आत काहीतरी आडवे येत होते. त्यांनी ते बाहेर काढले. बाटलीचे रबरी बोंड होते, सुकून कडक झालेले. "बाटली बंद"च्या पाटीखाली उभे राहून त्यांनी ते थोडा वेळ अंगठ्याने चोळले. मी पाहतो आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी ते पुन्हा खिशात टाकले आणि पंच हातातच राहू दिला.