भात पोटरीत असताना

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी तारपा शिकायला घेतला. शिकवणारा माझा बाप होता, आणि तो आणखी किती दिवस शिकवू शकेल हे मुरबाडच्या डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. त्यांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि "बघू" म्हणाले. डॉक्टर "बघू" म्हणाला की घरच्यांनी काय ते समजून घ्यायचं असतं.

तारपा म्हणजे काय, हे बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं, फक्त त्यांना ते माहीत नसतं. तांबड्या भिंतीवरच्या पांढऱ्या चित्रात माणसांची रांग गोल फिरत असते आणि मधोमध एकजण लांब भोंग्यासारखं काहीतरी तोंडाला लावून उभा असतो. ते चित्र आता चहाच्या कपांवर, पडद्यांवर आणि सार्वजनिक शौचालयांच्या भिंतींवरही असतं. त्यातला भोंगा म्हणजे तारपा. दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, आणि सांधे बुजवायला मेण. वाजवणाऱ्यानं नाच चालू असेतो श्वास तोडायचा नाही. गालात हवा साठवायची, ती गालांनी ढकलत असतानाच नाकानं नवी ओढून घ्यायची. माझा बाप हे पन्नासेक वर्षं करत होता. टोकावड्याच्या पुढं, घाट लागायच्या आत आमचा पाडा आहे. तिथं त्याच्याशिवाय वाजवणारं कुणी उरलं नव्हतं.

मागल्या दिवाळीच्या नाचात त्याचा दम तीनदा तुटला. तारपा थांबला की रांग थांबते, पाय अधांतरी राहतात. कुणी हसलं नाही, तेच वाईट झालं. तिसऱ्यांदा तुटला तेव्हा कुणीतरी घरातून स्पीकर आणून लावला आणि नाच पुढं सुरू झाला. बाप मांडीवर तारपा घेऊन शेवटपर्यंत तिथंच बसून राहिला. त्याच वेळी मी ठरवलं की पुढच्या नव्या भाताच्या नाचाला तारपा मी वाजवायचा आणि त्यानं तो बसून ऐकायचा. यापलीकडं काही मनात नव्हतं. संस्कृती वगैरे जपायचा माझा विचार नव्हता. ते काम करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडं गाड्या आहेत.

मी तेरा वर्षांचा असताना त्यानं मला एकदा विचारलं होतं, "शिकतो का?" मी म्हणालो, परीक्षा आहे. परीक्षा खरंच होती. पण कुठलीही परीक्षा चाळीस वर्षं चालत नाही. खरं कारण आश्रमशाळेत होतं. तिथं पाहुणे आले की आम्हाला गुडघ्यापर्यंत धोतरं नेसवून फाटकापासून व्यासपीठापर्यंत नाचवत नेत, आणि पुढं माझ्या बापासारखाच कुणीतरी तारपा वाजवत उलटा चालत असे. पाहुणे खुर्चीत बसले की त्याला कुणी बस म्हणत नसे. मी पुढं शिक्षक झालो, मग मुख्याध्यापक. शाळा किन्हवलीकडं, घर शहापूरला. अशा प्रत्येक कार्यक्रमात मी मागच्या रांगेत पुस्तक घेऊन बसत आलो आणि शाली मोजत आलो. आपण फसत नाही, एवढा एकच अभिमान मी आयुष्यभर बाळगला.

फाल्गुनातल्या एका रविवारी मी पाड्यावर गेलो. तारपा खुंटीला टांगलेला होता.

"काढू का खाली?" मी विचारलं.

"कशाला?"

"शिकायचाय."

"आता? शिमग्यात?" बापानं माझ्याकडं नीट पाहिलं. "मास्तर झाला तू, का येडा झाला रे?"

नियम मला माहीत होता, पण तो शिकण्यालाही लागू असेल असं वाटलं नव्हतं. नवं भात देवाला दाखवल्याशिवाय आमच्याकडं तारपा वाजत नाही. त्याआधी भातानं तो ऐकला तर त्याला वाटतं, आपली कापणी झाली, आणि ते भरायचं थांबतं.

"पण आता शेतात भातच नाही," मी म्हणालो.

"कनगीत बियानं हाय ना. ते काय बहिरं हाय?"

त्यानं मला परसातून पपईचा देठ तोडून आणायला सांगितला आणि तांब्याभर पाणी समोर ठेवलं. देठ पोकळ असतो. त्याचं एक टोक पाण्यात, एक तोंडात. फुंकत राहायचं आणि बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. पाण्याच्या आवाजाला भाताची हरकत नव्हती.

पहिले दोन महिने बुडबुडे दहा मोजण्यापलीकडं टिकले नाहीत. नाकानं श्वास घ्यायला गेलं की गाल रिकामे होत, गाल सांभाळले की नाक विसरत असे. बाप भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत बसायचा. साखळी तुटली की फक्त "फुटला" म्हणायचा. त्याला स्वतःला बोलायला दम पुरत नव्हता, त्यामुळं तो माझा सगळ्यात कमी बोलणारा शिक्षक होता आणि सगळ्यात चांगलाही. शहापूरच्या फ्लॅटमध्ये मी रोज संध्याकाळी तांब्या घेऊन गॅलरीत बसू लागलो. खालची शेजारीण बायकोला विचारून गेली, तुमचा नळ गळतो का. बायको म्हणाली, "नळ नाही, साहेब शिकतायत."

बोटांचा धडा मात्र खऱ्या तारप्यावर असे, न फुंकता. मी नळ्यांवरच्या भोकांवर बोटं ठेवायचो, बाप मागून हात घालून त्यावर आपली बोटं ठेवायचा आणि दाबायचा. हे दाब, हे सोड, आता दोन्ही. त्याची बोटं लाकडासारखी होती आणि माझ्या बोटांहून कितीतरी चपळ. आमच्याकडं बाप मोठ्या झालेल्या मुलाला हात लावत नाही. मी आश्रमशाळेत गेलो त्या दिवशी त्यानं माझा हात सोडला होता, त्यानंतर थेट हाच. मला ती चाल जूनमध्येच पाठ झाली होती. तरी मी जुलैअखेरपर्यंत चुकत राहिलो.

पाऊस लागल्यावर बुडबुड्यांची साखळी जमली. एका रविवारी मी इतका वेळ फुंकत राहिलो की बाप डोळे उघडून बघू लागला. "हां," तो म्हणाला. "आता नव्या भाताला वाजव."

मी तेवढं थांबायला हवं होतं. पण पाण्यात फुंकणाऱ्याला आवाज हवा असतो. टोकावड्याच्या बाजूला एकजण विकायला तारपे करतो, दिवाणखान्यात लावायला घेतात तसले, लहान आणि व्हार्निश मारलेले. मी एक घेतला. शाळा सुटल्यावर खिडक्या लावून वाजवू लागलो. नियम बापाच्या तारप्याला आहे, शोभेच्या वस्तूला नाही, असं मी स्वतःला समजावलं. शिवाय शाळेपासून आमचं शेत कितीतरी कोस दूर. वाचणाऱ्या माणसाला कारणांची कधी टंचाई पडत नाही.

शाळेतली गोष्ट तालुक्याला पोचायला आठवडाही लागत नाही. श्रावण सरता सरता शहापूरला एक सांस्कृतिक कार्यक्रम होता. तालुक्याच्या शिक्षण कार्यालयातल्या साहेबांचा निरोप आला: "सर, तुम्ही स्वतः वाजवलं तर वेगळाच मेसेज जाईल." कसला मेसेज, कुणाला, हे मी विचारलं नाही. मी हो म्हणालो. व्यासपीठावर नेहमीचं सगळं होतं. समई पंख्याच्या वाऱ्यानं तीनदा विझली, चार जणांनी भाषणात वेळेअभावी थोडक्यात बोलतो असं सांगितलं आणि कुणीच थोडक्यात बोललं नाही. मग मी उभा राहून चारेक मिनिटं वाजवला. दम कुठं तुटला नाही. टाळ्या झाल्या. मला शाल घातली. खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं. ती शाल मी घरी येईपर्यंत काढली नव्हती.

पुढच्या रविवारी पाड्यावर गेलो तर माझ्याआधी व्हिडिओ पोचलेला होता. शेजारच्या वहिनीनं, माझ्या चुलतभावाच्या बायकोनं, तो बापाला फोनवर दाखवला होता. बाप खाटेवर पडून होता. मी बसलो. बराच वेळ त्यानं पावसाच्या आणि बैलाच्या खुराच्या गोष्टी केल्या. शेवटी मीच विचारलं.

"ऐकला का?"

"ऐकला."

"मग?"

"दम चांगला हाय तुजा." तो दाराबाहेर बघत होता. दारापासून बांधापर्यंत भात होतं, हिरवंगार. "भात अजून पोटरीत हाय."

पोटरी म्हणजे कणसं बाहेर पडायच्या आधी भाताचं जे पोट फुगतं ते. मी काहीच बोललो नसतो तर बरं झालं असतं. मी म्हणालो की कार्यक्रम शहापूरला होता, बंद सभागृहात. म्हणालो की तारपा तुझा नव्हता. मग म्हणालो की बाबा, भाताला कान नसतात, पीक पावसानं येतं, खतानं येतं. वर्गात सांगतो तसं सांगत गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मी कुटं काय बोललो रे," तो म्हणाला.

मी तांब्यात पाणी घेऊन आलो आणि देठ तोंडाला लावला. त्यानं हात हलवून नको म्हटलं. "ते आता तुला येतं." बोटांचा धडा घेऊ म्हणून तारपा खाली काढायला गेलो तर म्हणाला, "राहू दे. तेपन येतं." रागावलेला वाटला नाही. रागावला असता तर मला पाया पडता आलं असतं. त्यानंतरचे तीन रविवार मी गेलो आणि नुसता बसून परत आलो.

पितृपंधरवड्यात तो गेला. नव्या भाताला तीन आठवडे राहिले होते.

त्या वर्षी भात चांगलं आलं. पाड्यावर कुणी मला बोल लावला नाही. लावला असता तर उलटून सांगता आलं असतं की बघा, कणसं भरली. पण हे ज्याला सांगायचं तोच नव्हता. घरात दुखवटा असल्यानं आमच्याकडचं कुणी नाचात नव्हतं. नाच स्पीकरवर झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात एकटा असताना मी बापाचा तारपा खुंटीवरून काढला. नियमात बसत होतं, नवं भात देवाला दाखवून झालं होतं. फुंकला, तर नुसती हवा. नळ्यांच्या आत बांबूची पातळ जीभ असते. ती दर वर्षी नवी घालायची आणि वर मेण चढवायचं, हे मी लहानपणापासून लांबून बघत आलो होतो. ते कसं करायचं हे तो मला भाद्रपदात दाखवणार होता. ते त्याच्याकडून राहून गेलं नव्हतं. मीच धडे बंद पाडले होते.

मी तारपा मांडीवर घेऊन बसलो होतो तेव्हा वहिनी सूप घ्यायला आली. तिनं तारप्याकडं पाहिलं आणि सूप शोधता शोधता म्हणाली, "लागत नाय का तो, भावजी?"

"नाही."

"म्हाताऱ्याला तुमचा लय आवडला व्हता."

"कोणता?"

"तो फोनमधला. तीनदा लावाया सांगला मला." सूप तिला सापडलं, ती ते उलटं करून झटकू लागली. "पयल्यांदा लावला तं म्हनला, बारीक कर गो, भाताला ऐकू जाईल. मंग फोन घेतला न् गोधडीत तोंड घालून ऐकत बसला. तीनदा. बोटं हालत व्हती त्याची गोधडीखाली, मी बघितलं ना."

"मला का नाही सांगितलंत?"

"त्यो म्हनला, मास्तरला नको सांगू. नायतं अजून वाजवील, भात पोटरीत असताना."

मी तिला तो व्हिडिओ दाखवायला सांगितलं. तिनं पदराला हात पुसले, फोन काढला आणि मी न सांगता आवाज कमी केला, त्या दिवशी केला होता तितका. काहीच ऐकू येईना. मी फोन कानाला दाबून धरला, दुसरा कान हातानं झाकला, तेव्हा कुठं आतून बारीक, लांबून आल्यासारखा तारपा ऐकू आला. मी पूर्ण ऐकला. वहिनी सूप घेऊन उंबऱ्यात थांबली होती. "अजून लावू का?" तिनं विचारलं. मी मान हलवली, आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून लावला.