टॉर्च धरणारी

"इकडे ये. पुढे ये. लाजतेस काय, लग्न नाही लावत तुझं."

सगळा हॉल हसला. मीही हसले. मग डॉक्टरसरांनी अंगठ्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली आणि आत टॉर्च मारली. बायका रांगेने आल्या, वाकल्या, बघून गेल्या. गुरांच्या बाजारात दात बघतात तशा.

"कुठली गं तू?"

"लासलगाव. मार्केटच्या मागची वस्ती."

सर बाकीच्यांकडे वळले. "वस्ती म्हटली की अर्धं निदान तिथंच झालं. बघा, पांढरीफटक. तोंडाला पावडर आहे, अंगात रक्त नाही."

पुन्हा हशा.

पावडर लावली होती, खरं आहे. एका संस्थेनं गावोगावच्या बायकांना आरोग्याचं शिकवायचं काढलं होतं. निफाडला शिबिर होतं आणि आमच्या वस्तीतून मला निवडलं होतं. आई मार्केटात कांदा निवडायची. सकाळी तिनेच डबी पुढे केली. "चार माणसांत चाललीस," म्हणाली.

जीभ दाखव. दाखवली. नखं दाखव. दाखवली. "जा, बस." बसले.

पावडर त्या दिवसापासून सुटली. अपमान तेवढा कळला होता. पण दुसरी गोष्ट कळायला फार वर्षं गेली. हिच्या अंगात रक्त नाही, असं भर हॉलमध्ये सिद्ध केलं, आणि तिला रक्तवाढीची गोळी द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी भिंतीवरचा तक्ता होते. तक्त्याला कोण औषध देतं?

आता पुढचं. हे मी घरातसुद्धा कधी बोलले नाही.

मी हुशार निघाले. सरांनी हाताखाली घेतलं. गाडीत मागची सीट मिळाली आणि टॉर्च माझ्या हातात आली. "ताई, टॉर्च," म्हटलं की मी मारायची. अंगठा त्यांचा, उजेड माझा. गावात पोचायच्या आधी सर गाडीतच सांगायचे, "एक चांगली केस काढून ठेव." चांगली म्हणजे सगळ्यात पांढरी. मला चालण्यावरनं ओळखू यायच्या. पण नुसती पांढरी असून भागायचं नाही, गप्प राहणारी पाहिजे. बागायतदाराच्या सुनेला मी कधी उभी केली नाही, मग ती कितीही पांढरी असो. नवी नवरी, नवऱ्यानं टाकलेली, बाहेरगावची मजूर. आई कांदा निवडायची. मी बाया निवडल्या.

आणि मला ते बरं वाटायचं. का? तर उजेड आता माझ्या डोळ्यात नव्हता. बस, एवढंच.

पुढं शिबिरांची भाषा बदलली. हक्क हा शब्द आला. कापडी फलक आला, 'आरोग्य हा माणसाचा हक्क'. तो मीच दोन्ही टोकांना बांधायची. द्राक्षाच्या छाटणीला पेठ तालुक्याकडून मजूर आले होते, त्यांच्यासाठी एका बागेच्या शेडमध्ये शिबिर होतं. फलक बांधला आणि केस शोधली. जनी नावाची बाई. पोटुशी. ओठ राखेसारखे.

"जने, ऊठ. पुढे ये."

"नाय येत बाय."

"अगं, नुसता डोळा बघतात."

"मागल्या साली बी तूच उठवली व्हती. हाच उजेड. डोळा पाह्यला, गोळी नाय दिली. पोर पोटातच गेलं."

तिनं आवाज चढवला नाही. मी तिच्याकडे बघत राहिले. आठवेना. चेहरा आठवेना. कारण चेहरा मी बघितलाच नव्हता. वर्षानुवर्षं मी बायांच्या तोंडावर उजेड मारला आणि एकीचंही तोंड बघितलं नाही. आता ती पुन्हा तशीच बसली होती, तसंच पोट घेऊन.

मागून हाक आली, "ताई, टॉर्च. वेळ जातोय."

टॉर्च मी पिशवीत टाकली.

"सर, गोळ्या आणल्यात का आपण?"

"गोळ्या देणं आपलं काम नाही. आपण जागृती करतो."

"मग डोळा नाही उघडायचा."

"तू आता मला शिकवणार? तुला उभी कुणी केली, विसरलीस?"

"नाही विसरले. तुम्हीच केलीत. भर हॉलमध्ये, पावडरीसकट. गोळी मलाही दिली नाहीत. अजून."

मग मागून एक म्हातारी बोलली, "सायबाचा डोळा वढ ना. पाहू दे आमाला बी, काय हाय त्यात."

या वेळी सगळी शेड सरांना हसली. गाडी मला न घेता गेली.

आम्ही चालत आरोग्य केंद्रावर गेलो. जनी, ती म्हातारी, आणखी काही बाया. टेबलावरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "संपल्यात. वरून आल्या की सांगू." हे वाक्य मला पाठ होतं. शिबिरात गोळी मागणाऱ्या किती जणींना मीच ते ऐकवलं होतं.

"कपाट उघडा."

"चावी नाही."

"मग चावी येईपर्यंत बसतो."

बसलो. दारातच. जनीला बसवेना, ती तिथंच उंबऱ्यावर आडवी झाली. येणारे-जाणारे तिला ओलांडू लागले, तशी चावी सापडली. आत खोकी होती. वरपर्यंत. त्यांच्यावर धूळ होती.

मला तिथं रडू आलं नाही. मागल्या सालीही हे कपाट इथंच असणार. शेडपासून चालत जाण्याइतकं. मी टॉर्च घेऊन उभी होते तेव्हाही.

जनीनं पुडी कमरेला खोचली आणि निघून गेली. माझ्याकडे बघितलं नाही. माफी मी मागितली नाही. मागून ते पोर परत येणार नव्हतं, आणि मला हलकं करणं हे तिचं काम नव्हतं.

संस्थेनं मला काढलं. काढू दे. आता आम्ही बाया मिळून शिकवतो, कुणाच्या पडवीत, कुणाच्या ओट्यावर. पहिल्या दिवशी मी माझीच पापणी ओढून दाखवते. कुणालाही उठवत नाही. आणि सांगते, जिचा डोळा बघाल, तिच्या हातात गोळी पडेस्तोवर जागचं हलायचं नाही. दया म्हणून मागायची नाही. ती तिची आहे, कुणीतरी कुलपात घातली आहे.

टॉर्च अजून माझ्याकडेच आहे. आता ती मी केंद्रातल्या कपाटात मारते. आधी ते उघडा. डोळे नंतर.