देसाई जड आहेत, हलत नाहीत

आमच्या चाळीत रिडेव्हलपमेंटची बातमी मी फोडली, आणि तीही ऑफिसचा ई-मेल दुरुस्त करताना.

मी प्रभादेवीच्या एका कंपनीत ई-मेलचा सर्व्हर सांभाळते. लोकांची पत्रं पोहोचली तर कोणाला माझं नाव ठाऊक नसतं, आणि अडकली तर शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. तर या सर्व्हरवर सगळ्यांची पत्रं ज्या एका मोठ्या फाईलमध्ये राहतात, ती फुगून फुगून डिस्क भरत आली होती. मी सगळ्यांच्या हातापाया पडून जुनी पत्रं पुसायला लावली. फाईल जराही आटली नाही! पुसलेल्याची जागा आत रिकामी होते, फाईलचा आकार मात्र तोच राहतो. असं का, याचं मला इतकं कुतूहल वाटलं की मी भाजी फोडणीला टाकून तेच वाचत बसले. (भाजीचं काय झालं ते विचारू नका.)

उपाय एकच होता. शेजारी नवी फाईल तयार करायची, एकेकाची पत्रांची पेटी, म्हणजे मेलबॉक्स, तिच्यात हलवायची आणि जुनी काढून टाकायची. हे काम ऑफिसला सुट्टी असताना, शनिवारी, मी लालबागच्या आमच्या खोलीतून करणार होते. खोलीत वायफाय आहे, पण फोनला रेंज मिळते ती फक्त गॅलरीत, पाण्याच्या पिंपाशेजारी. तिथे उभं राहून बोललेलं तळमजल्यापासून गच्चीपर्यंत ऐकू जातं, हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्या दिवशी नेमकी विसरले.

फोनवर माझा सहकारी मनीष होता. चाळीला ऐकू गेलं ते फक्त माझं बोलणं.

"अरे, आतून अर्धी पोकळ आहे! नुसती बाहेरून मोठी दिसते... छे छे, दुरुस्ती नको. दुरुस्तीला सगळ्यांना बाहेर काढावं लागेल, बोंबाबोंब होईल... नवीन तयार आहे ना! एकेकाला हळूच तिकडे शिफ्ट करू... कशाला सांगायचं? कोणाला पत्ताही लागत नाही... हो, सगळे गेले की जुनी उडवून टाकू!"

(फाईल हा शब्द मी एकदाही उच्चारला नाही. मनीषला ते ठाऊकच होतं.)

मी आत आले. सासूबाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उगाचच ओढणी सारखी केली. पण डोक्यात सर्व्हर होता, त्यामुळे मी लॅपटॉपवर पेट्या हलवायला घेतल्या. एकेक नाव पलीकडे जाताना पाहण्यात फार मजा असते. थोड्या वेळाने गाडी अडकली आणि मी पुन्हा पिंपाशेजारी.

"मनीष, देसाई हलत नाहीत रे! जड आहेत ना... मला वाटतं, आतला काही भाग सडलाय. तेवढा काढून टाक आणि ढकल पुढे!"

हे देसाई म्हणजे आमचे मार्केटिंगचे साहेब, आलेला एकही फोटो न पुसणारे. पण आमच्या वरच्या मजल्यावर देसाईकाकू राहतात. अंगाने भरभक्कम, आणि उजव्या गुडघ्याने बेजार. कठडा धरून त्या जिन्याने अर्ध्यावर आल्या आणि तिथूनच ओरडल्या, "कोण काढतंय माझा सडलेला भाग? गुडघा माझा आहे, मी ठरवीन त्याचं काय करायचं ते!"

मी काही बोलणार, तोच चाळ कमिटीचे सेक्रेटरी तावडेकाका बनियनवरच धावत आले. "स्वाती, बिल्डर कोण आहे ते सांग. तुझ्या सासऱ्यांचा मी मित्र होतो, माझ्याशी तरी खोटं बोलू नको!"

"काका, कसला बिल्डर?"

"आतून पोकळ म्हणालीस. सगळ्यांना शिफ्ट करणार म्हणालीस. सगळं ऐकलंय आम्ही!"

मी पुरावा दाखवायला खोलीत धावले, तर लॅपटॉपवर कनेक्शन तुटलेलं! वायफायची पिन सासूबाईंच्या मुठीत होती, आणि त्या लोखंडी ट्रंकेवर मांडी ठोकून बसल्या होत्या. मला वाटलं, आता सगळ्यांच्या पेट्या अर्ध्यावरच लटकल्या! (पेट्या हलवायचं काम सर्व्हर माझ्याशिवायही करत राहतो. पण ते त्या क्षणी आठवलं तर ना!)

"आई, पिन द्या!"

"देवचंय नाय! माका झोपेत हलवतलंस काय गो? मी हयच जन्म काढलंय. माका इचारूक नको?"

आमची खोली कोपऱ्याची आहे. दोन बाजूंनी वारा येतो, आणि खिडकीत सासूबाईंची तुळस. टॉवर झाला की आपल्याला कुठेतरी मागची, अंधारी खोली मिळणार, या धास्तीने त्या रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला की उठून आत जातात. आता तर सूनच फितूर निघाली होती! त्यांचा आवाज कापत होता. घाबरल्या होत्या बिचाऱ्या. मला एकदम भरून आलं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. दारात अख्खा मजला उभा होता.

"म्हणजे पत्रं जातात, पण फाईलमधल्या त्यांच्या खोल्या तशाच?" तावडेकाकांनी विचारलं. त्यांचा राग उतरून तिथे कुतूहल आलं होतं.

"तशाच."

"मग रिकाम्या खोल्यांत नवी पत्रं का नाही ठेवत?"

"ठेवतो काका. पण तेवढी जागा डिस्कला परत मिळत नाही."

"आणि देसाई?" देसाईकाकूंनी पायरीवरूनच विचारलं. "हलले का शेवटी?"

आता सगळ्यांनाच ते जाणून घ्यायचं होतं. सासूबाईंनी मूठ उघडली, स्वतः उठून पिन लावली आणि चष्मा चढवून लॅपटॉपसमोर बसल्या. देसाई हलले होते! देसाईकाकूंनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी चहा आणला. मलाही चेव आला. "आता बघा हं," मी म्हणाले, "सगळे गेले, आता जुनी एका क्लिकमध्ये जमीनदोस्त!"

क्लिक केलं. सर्व्हरने साफ नकार दिला. जुन्या फाईलमध्ये अजून एक पेटी शिल्लक आहे, म्हणाला.

"बघा!" मी चाळीला म्हणाले. "असा एक जण असतोच. स्वतः हलत नाही आणि सगळ्यांचं काम अडवतो!"

"कोण हा मेला?" तावडेकाका पुढे सरसावले. "नाव वाच त्याचं!"

मी नाव उघडलं.

एकेका खात्यातली माणसं मी स्वतःच्या हाताने पलीकडे नेली होती. स्वतःला मात्र मी माणसांत धरलंच नव्हतं! पेटी माझी होती.

सासूबाईंना इंग्रजी जेमतेम वाचता येतं, पण सुनेचं नाव त्यांनी अक्षर लावून लावून अख्ख्या मजल्याला वाचून दाखवलं. मग पदर तोंडाला लावून त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अडान बसलंस ती तूच गो! आणि माका हलवूक निघाल्लंस!"

मी निमूटपणे माझी पेटी हलवली आणि जुनी फाईल काढून टाकली. चाळ होती तिथेच आहे, आणि तुळसही. फक्त आता बैठकीत रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला की तावडेकाका बिल्डरचं नाव नंतर विचारतात. आधी आमच्या खोलीकडे बघून हाक मारतात, "स्वाती, तू निघालीस का? मग पुढचं बोलू!"